माझ्या पोटातलं, तुमच्या पोटात

काकू, तुम्हाला नेलं आणि थोड्या वेळानं तुमच्या नणंदेनं, अक्कांनी, मला स्वयंपाकघरात बोलावून दार लोटून घेतलं. मला वाटलं, शेजारून चहा आलाय तो बाहेर बसलेल्यांना द्यायचा असेल. तर अक्का अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "रंजना, एक विचारते, राग मानू नकोस. तुला काही आजारबिजार होता का गं? जो तू सांगितला नाहीस?"

मी म्हटलं, "नाही अक्का. सगळ्या तपासण्या तुमच्यासमोर झालेल्या."

"तपासणीत सगळंच दिसतं असं नाही," अक्का म्हणाल्या आणि ओट्यावरचा कोरडा फडका उगाच पिळत राहिल्या.

हे तुम्ही बोलला असतात तर मी भांडले असते. अक्कांशी नाही भांडले. कारण निखिलदादाचा सकाळी फोन आला, "आई गेली" म्हणाला, तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच चाललेलं.

तुमच्याबद्दल लोक खूप बोलतायत. टेलिफोन खात्यातली नोकरी, एकटीनं दादाला वाढवणं, भजनी मंडळातला तुमचा आवाज. सगळं खरं असणार, ते ज्यांनी पाहिलं ते लिहितील. मी तुमची पोळीवाली. माझ्याकडे जे आहे ते दुसरं कुणी लिहिणार नाही, म्हणून सातवीत शाळा सुटलेली बाई लिहायला बसलीय. माझी शी तुमच्या पोटात सोडली होती, आणि गेल्या पावसाळ्यापासून आत्तापर्यंत तुम्ही त्यावर जगलात. हे असं सरळ लिहायला तुम्हीच शिकवलंत. बाकी कुणी हा शब्द घेतला नाही. दादा 'स्टूल' म्हणायचा, डॉक्टर 'नमुना', आणि अक्का नुसतंच 'ते'.

आपलं पहिलं भांडण दह्यावरून झालेलं, आठवतं? तुम्ही पेपर वाचत होता, मी कणीक मळत होते. तुम्ही वाचून दाखवलंत की माणसाच्या पोटात मोजता येणार नाहीत इतके जिवाणू असतात, तेच आपलं अन्न पचवतात, रोग अडवतात.

"जिवाणू म्हणजे किडेच ना?" मी विचारलं.

"डोळ्यांना न दिसणारे. दह्यातसुद्धा असतात."

"जिवंत?"

"मेलेल्यांनी दही लागलं असतं का गं?"

त्या दिवसापासून तुम्ही दिलेली ताकाची वाटी मी गुपचूप मोरीत ओतायचे. तुम्हाला ते कळलेलं. तुम्ही रागावला नाहीत, चष्म्यावरून बघत म्हणालात, "रंजना, तुझा जगात कशावर तरी विश्वास आहे का?"

"भाकरीवर आहे," मी म्हटलं.

काय करणार. आमच्या वाशीमकडच्या गावात मोटरसायकलवर एक डॉक्टर यायचा, सगळ्यांना एकच सुई आणि एकाच रंगाच्या गोळ्या. माझ्या धाकट्या काकाला तापात त्यानं सुई दिली आणि काका उठलाच नाही. सुईनं गेला की तापानं, कुणाला माहीत. पण मी तेव्हापासून गोळी घेतली नाही. ताप आला तर गवती चहा, पोट दुखलं तर ओवा, आणि पडून राहायचं. इकडे मोहने गावात राहायला आल्यावर ते आणखी वाढलं. इथलं पाणी कसलं, दूध कसलं, नाक्यावरचा डॉक्टर खरा की खोटा, कुणाला विचारणार? आपलं माणूस सगळं तिकडे. तुम्ही दिवाळीला साडी दिलीत तेव्हासुद्धा मी घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, एवढी चांगली साडी का दिली असेल, काय पाहिजे असेल यांना? तो म्हणाला, "तुले कोणी चांगलं वागलं की पोटात दुखते." खोटं नाही बोलला.

मग तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. जखम चिघळली, जोरदार औषधं दिली. जखम भरली आणि मोशन लागले ते थांबेचनात. तुमची ती भरलेली मनगटं, त्यात बांगडी कोपरापर्यंत सरकायला लागली. ठाण्याच्या हॉस्पिटलमध्ये नेलं. मी डबा घेऊन यायचे, तुम्ही दोन घास खायचात आणि माझ्याकडे बघून न बोलता माफी मागायचात, की ही एवढ्या लांबून आली आणि मी खात नाही.

डॉक्टरांनी दादाला समजावलं तेव्हा मी तिथंच उभी होते. औषधांनी पोटातले चांगले जिवाणू मेले, त्यांच्या रिकाम्या जागेत एक वाईट जात माजलीय. औषध दिलं की दबते, सोडलं की परत उठते. आता एकच मार्ग, निरोगी माणसाच्या पोटातले चांगले आणून सोडायचे. कुठून आणायचे ते ऐकलं आणि दादाची बायको बाहेर गेली.

घरातले सगळे एकेक करून बाद झाले. दादानं नुकताच सायनसवर गोळ्यांचा कोर्स केलेला. सूनबाई ॲसिडिटीचं औषध रोज घेतात. अक्कांचं वय, वर साखर. तेव्हा तुम्ही पलंगावरून बोट केलंत. आवाज फुटत नव्हता तरी म्हणालात, "हिला विचारा. हिनं आयुष्यात गोळी घेतलेली नाही. गोळीकडे पोलिसासारखी बघते ही."

डॉक्टर हसले. मी हसले नाही. काकू, खरं सांगते, पहिल्यांदा मनात आलं ते चांगलं नव्हतं. माझी आई विंचरलेले केस गुंडाळून मातीत पुरायची. आमच्या घरात करणीबिरणी मानत नाहीत, वडील त्यावर भाषणं द्यायचे. पण वडिलांनी भाषण दिलं म्हणून आईनं केस पुरायचं थांबवलं नाही. आणि इथं तर लोक केस नाही, नख नाही, हे मागत होते. वाटलं, हॉस्पिटलवाल्यांचा दुसराच काही डाव असेल. मग वाटलं, तपासणीत माझ्यात काही निघालं तर? पोळ्यांचं काम जाईल, बाकीच्या घरांतलंही जाईल, कारण डोंबिवलीत बातमी माझ्याआधी पोचते.

नवऱ्याला सांगितलं. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "डबा वापस देतीन का?"

आणि अक्का. त्यांनी कॉरिडॉरमध्ये मला आडनाव विचारलं. एवढी वर्षं मी तुमच्याकडे येते, त्यांनी आधी कधी विचारलं नव्हतं, मला वाटतं अंदाज होता म्हणूनच विचारलं नव्हतं. मी सांगितलं. त्या आत येऊन तुमच्या कानाशी काहीतरी कुजबुजल्या. तुम्ही मला ऐकू येईल एवढ्या जोरात बोललात, "अक्का, डॉक्टरांनी कुंडली मागितलेली नाही."

त्या एका वाक्यासाठी मी हो म्हटलं. तुम्हाला हे कधी सांगितलं नाही. तुम्ही धरून चाललात की माझं मन मोठं आहे.

तपासण्या झाल्या. रक्त घेतलं, बाकीचं घेतलं, प्रश्न तर असे विचारले की माझ्या सासूनंही विचारले नसतील. रिपोर्ट येईपर्यंत मला भाकरी गिळवेना. मग दादाचा फोन आला, "रंजनाताई, सगळं क्लीअर आहे." तोपर्यंत तो मला नुसतं रंजना म्हणायचा. मला तो कागद घरी न्यायचा होता. मी आतून चांगली आहे असं आजवर कुणी लिहून दिलेलं नव्हतं.

आता एरंडेलाचं. त्यावर आपण नंतर इतकं हसलो, पण तेव्हा हसण्यासारखं नव्हतं.

अक्का तेव्हा तुमच्या डोंबिवलीच्या घरी राहत होत्या, हॉस्पिटलला जाऊन-येऊन. त्या आल्या की माझ्यासाठी कान तुटका कप वेगळा निघायचा. तुमच्यासमोर नाही, तुम्ही नसताना. देण्याच्या आदल्या संध्याकाळी मी दादाच्या डब्याच्या पोळ्या करत होते, तर अक्कांनी स्वतः चहा केला. आलं घातलेला. आणि तुमच्या त्या निळ्या फुलांच्या कपात ओतून माझ्यापुढे ठेवला.

"घे. उद्या चांगलं काम आहे तुझ्या हातून."

मी उचलला. वास आला. वर तेल तरंगत होतं.

"एरंडेल आहे," अक्का म्हणाल्या. "आमच्याकडे कुठल्याही शुभकार्याआधी पोट धुऊन काढतात. वहिनीच्या पोटात जायचंय, निदान स्वच्छ तरी जाऊ दे."

मी, जी मेडिकलवाल्यानं दिलेली खोकल्याची चोखायची वडीसुद्धा परत करते, ती मी तो चहा सगळा प्यायले. तेल म्हणजे गोळी नाही, हे एक. आई पण द्यायची, हे दुसरं. पण खरं म्हणजे तो कप. त्या कपाला नाही म्हणायचं कसं, ते मला कळलं नाही.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. हॉस्पिटलमध्ये सकाळी माझ्याकडून जे निघालं ते बघून नर्सनं डॉक्टरांना बोलावलं. ते डब्याकडे बघत म्हणाले, "हे तर पाणी आहे. काय घेतलंत तुम्ही?"

मी अक्कांकडे बघितलं. अक्का माळ ओढत बसलेल्या, त्या म्हणाल्या, "मी दिलं. शुद्ध व्हावं म्हणून दिलं."

डॉक्टर कपाळाला हात लावून खुर्चीवर बसले. "आजी," ते म्हणाले, "आपल्याला शुद्ध नको होतं हो. जे धुऊन काढलंत तेच पाहिजे होतं."

तुम्हाला सांगितलं तर तुम्ही हसायला लागलात, हसता हसता पोट धरलंत, आणि मग तुमच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते हसण्याचं नव्हतं. माझं पोट मूळपदावर येईपर्यंत थांबायचं होतं, आणि तुमच्यात थांबण्याइतकं बळ उरलं नव्हतं. मधल्या त्या दिवसांत तुम्हाला ताप चढला, आयसीयूत हलवलं. डॉक्टरांनी मला सांगितलं, नेहमीचं जेवा, काळजी करू नका. मी मोहन्याला ताटावर बसायचे, ज्वारीची भाकरी, डाळ, मेथी, आणि प्रत्येक घासाला वाटायचं की हा काकूंना जाणार आहे, नीट चावून खा. एवढ्या धास्तीनं मी कधी जेवले नाही. एवढ्या मायेनंही नाही.

मग ते झालं. नळीनं आत सोडलं. आठवडाभरात तुमचा फोन आला, "रंजना, झाली गं. नीट झाली, घट्ट." मी शेअर रिक्षात बसलेले. बाजूच्या माणसानं विचारलं, "आनंदाची बातमी दिसतेय, मुलगा का मुलगी?"

तुम्ही घरी आलात आणि मला टेबलापाशी खुर्चीवर बसवून माझ्यासोबत जेवायला लागलात. तुम्हाला भाकरी हवी व्हायला लागली, जवसाची चटणी हवी व्हायला लागली. तुम्ही, लसणाचा वास आला की खिडकी उघडणाऱ्या. "तुझे मागतात," म्हणायचात पोटावर हात ठेवून. मी हसायचे पण आत धसका बसायचा. हे काकूंना हवंय की माझ्यातल्या त्यांना? तुम्ही मला जवळ घेता ते तुम्ही घेता की ते घेतात? असलं वेडं मी दुसऱ्या कुणाला विचारू शकत नव्हते, तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, "आणि तू दिवाळीच्या साडीवर शंका घेतलीस तेव्हा? तेव्हा तर माझ्यात तुझं काही नव्हतं." नवऱ्यानं तुम्हाला ते कधी सांगितलं, मला अजून कळलेलं नाही.

एक भांडण मात्र राहिलं. तुम्हाला हे भजनी मंडळात सगळ्यांना सांगायचं होतं. मी म्हणत होते, नको. आमच्या चाळीत कळलं तर मला काय नाव पडेल ते तुम्हाला नाही कळणार. तुम्ही चिडलात. "मी वाचले, तू वाचवलंस, यात लपवायचं काय?" मी म्हटलं, "तुमच्यावर हसतील तर एक दिवस हसतील. माझ्यावर कायम हसतील." मग म्हणालात, "बरं, सावकाश बोलू."

बोललो नाही. तुम्ही एका सकाळी पूजेची फुलं तोडून आलात, खुर्चीत बसलात आणि तशाच राहिलात. हृदय, असं कागदावर लिहिलंय. तुम्हाला नेलं त्या दिवशी मंडळातल्या दोन बायका माझ्याकडे बघत होत्या, एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलं. तुम्ही सांगितलं होतं का? मला राग नाही. फक्त माहीत असायला हवं होतं.

अक्कांनी दार लोटून विचारलं त्यानंतर मी तुमच्याकडे गेले नाही. दादानंही सांगितलं, "सध्या नको ताई, आत्याची मनःस्थिती ठीक नाही." घरी बसून मी मोबाइलवर एकेक व्हिडिओ बघत होते. एक जण सांगत होता, देणाऱ्याचे रोग घेणाऱ्याला जातात. दुसरा सांगत होता, पोटाचा आणि हृदयाचा संबंध असतो. मी माझंच पोट दाबून बघायला लागले. आतमध्ये काही लपून बसलंय का, जे कुठल्या तपासणीत आलं नाही. मी तुम्हाला तारलं की हळूहळू मारलं, एवढंच मला कळायला हवं होतं. नवऱ्यानं समजावून पाहिलं, शेवटी तोही थकला.

परवा डॉक्टरांचा फोन आला. मला वाटलं, आता हे पण तेच विचारणार. तर ते म्हणाले, "रंजनाताई, एक पेशंट आहे. त्या काकूंसारखाच. पुन्हा द्याल का?"

मी आधी दार लोटून घेतलं. मग विचारलं, "डॉक्टर, काकू माझ्यामुळे गेल्या का?"

ते म्हणाले, "त्यांचं हृदय आधीपासून अशक्त होतं. गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळीच ते दिसलेलं. शंभर टक्के मी कशाचंच सांगत नाही. पण मला तुमच्याबद्दल शंका असती, तर हा फोन मी केला असता का?"

मी तशीच उठले आणि डोंबिवलीला गेले. अक्कांनी दार उघडलं. मी दारातच सगळं सांगितलं, एका दमात. वाटलं होतं, तोंडावर बोलावं की बघा, डॉक्टर मला परत बोलावतायत. अक्का ऐकत राहिल्या आणि खाली चटईवर बसल्या.

"तुझ्यामुळे नाही, हे मला माहीत होतं गं," त्या म्हणाल्या. "पण तुझ्यामुळे असतं तर बरं झालं असतं."

मला कळलं नाही.

"ते मधले दिवस," अक्का म्हणाल्या. "ताप चढला, आयसीयूत गेली. त्यात काळजावर ताण आला असेल. माझ्या तेलानं ते दिवस घालवले."

काकू, तुमच्या त्या नणंदेला मी आयुष्यात पहिल्यांदा नीट बघितलं. कुणी पाणी विचारलं नसावं इतकी सुकलेली. मला वाटलं होतं त्या मला आरोपी करतायत. त्या आपल्यासाठी सुटकेची जागा शोधत होत्या.

मी खोटं बोलू शकत होते, की डॉक्टर म्हणाले तेलानं काही झालं नाही. पण मला स्वतःलाच खोटं पचत नाही. मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला, स्पीकरवर ठेवला, आणि विचारलं.

ते म्हणाले, "त्या दिवसांत त्रास झाला, नाही म्हणत नाही. पण त्या त्यातून उठल्या, नंतर इतके महिने हिंडल्या-फिरल्या. त्याचा याच्याशी संबंध मला दिसत नाही."

मी फोन ठेवला. अक्का म्हणाल्या, "दिसत नाही म्हणजे नाहीच, असं नव्हे."

"हो," मी म्हटलं. "मला पण अगदी तसंच वाटतं."

आम्ही एकमेकींकडे बघितलं, आणि काकू, तुम्ही असतात तर चष्म्यावरून आम्हा दोघींकडे बघून काय म्हणाला असतात ते मी इथं लिहीत नाही. खाली कुणीतरी स्कूटर चालू करायला बघत होतं, ती चालू होत नव्हती.

मग मी विचारलं, "अक्का, देऊ का मी परत?"

"लगेच जा," अक्का म्हणाल्या. "त्या माणसाला वाट बघायला लावू नकोस."

उद्या सकाळी ठाण्याला रक्त द्यायचंय, सगळ्या तपासण्या पहिल्यापासून. पेशंट कोण आहे ते डॉक्टर सांगत नाहीत, बाई की पुरुष तेही नाही, तसा नियम आहे म्हणे. मला ते आवडलेलं नाही. माझं कुणाच्या पोटात जाणार, ते लोक कसे आहेत, मला कळायला नको? तुमच्या वेळी कुणासाठी खातेय ते मला माहीत होतं. आज दुपारी ताट घेऊन बसले, पहिला घास मोडला, आणि त्या माणसाला नाव नाही म्हणून तो घास तुमच्याच नावानं खाल्ला.